स्वस्त छर्रे कसे पारखावेत : १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : आर डब्ल्यू एस आर-१० किंवा एच अँड एन फिनाले मॅचसारखे महागडे मॅच, म्हणजे स्पर्धेचे, छर्रेच घ्यायला हवेत, की साध्या डबीतल्या छऱ्यांवर भागेल? उत्तर दोन गोष्टींवर ठरते. आपण रायफल चालवता की पिस्तूल, आणि आपला स्वतःचा ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या शॉटच्या भोकांचा पसारा, सध्या किती मोठा पडतो.

आधी टार्गेटचे गणित पाहू. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मि.मी.चा असतो. छर्रा ४.५ मि.मी.चा, आणि त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मि.मी.च्या आत हवा. नळी-छऱ्याची जोडी ५ मि.मी.चा ग्रुप देत असेल, तरच प्रत्येक गोळी दहात बसू शकते. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ११.५ मि.मी.चे असते, त्यामुळे तिथे हीच मुभा १६ मि.मी.च्या ग्रुपपर्यंत जाते. टेकूवरून ८ मि.मी.चा ग्रुप देणारा स्वस्त छर्रा पिस्तूलवाल्याचा एकही गुण खात नाही. रायफलवाल्याचे मात्र काही दहा नऊवर येतात.

आता हाताचा फरक. हाताची चूक आणि छऱ्याची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, ढोबळमानाने त्यांच्या वर्गांची बेरीज होते. उभ्याने आपला ग्रुप ३० मि.मी.चा पडत असेल, तर ८ मि.मी.च्या छऱ्याने तो ३१ होतो आणि ५ मि.मी.च्या छऱ्याने ३०.४. अर्ध्या मिलिमीटरसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही; त्या पैशांत आणखी सराव करा. पण आपला ग्रुप १० मि.मी.वर आला असेल, तर तोच बदल १२.८ वरून ११.२ वर आणतो आणि तो गुणांत दिसतो. भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीच्या निवड चाचणीची तयारी करणाऱ्या रायफलवाल्या मुलांनी स्वस्त छर्रे रोजच्या सरावापुरते ठेवावेत.

डबी उघडल्यावर

टार्गेटसाठी सपाट डोक्याचाच छर्रा घ्या. तो कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार छऱ्याचे टोक पुष्कळदा मध्यातून सरकलेले असते, आणि कागदावर टोकाचा काही उपयोगही नाही. शिशाऐवजी हलक्या मिश्रधातूचे छर्रे खोक्यावर वेगाचे मोठे आकडे दाखवतात, पण ते कठीण असतात, नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, नीट बसत नाहीत आणि जास्त उसळतात. आटे असलेल्या नळीत पोलादी गोळ्या कधीच घालू नका.

पन्नास छर्रे पांढऱ्या कागदावर ओता. कागदावर शिशाचा चुरा किंवा काळी भुकटी पडली तर ती नळीतही जाणार, हे धरून चाला. मग प्रत्येक छऱ्याचा मागचा पोकळ भाग, म्हणजे स्कर्ट, पाहा. चेपलेला, चिरलेला किंवा लंबगोल स्कर्ट असलेला छर्रा बाजूला काढा. नळीतून बाहेर पडताना हवा स्कर्टच्या एका बाजूने आधी निसटते आणि छर्रा तिरका ढकलला जातो, म्हणून स्कर्टचा दोष सर्वांत महाग पडतो. उरलेले छर्रे थोड्या तिरक्या धरलेल्या काचेवरून सोडा. चांगले छर्रे साधारण एकाच वळणाने जातात. जो अडखळत, डुलत जातो तो वाकडा.

भरतानाही लक्ष द्या. डोक्याचा व्यास ४.४८ पासून ४.५२ मि.मी.पर्यंत मिळतो. एकाच डबीतला एक छर्रा आपसूक आत पडतो आणि दुसऱ्याला अंगठ्याने जोर लावावा लागतो, असे होत असेल तर व्यास मिसळलेले आहेत. अशा डबीकडून सारखा ग्रुप मिळत नाही, मग वजन कितीही सारखे असो.

वजनाबद्दल गैरसमज फार. सराफ्यातला बारीक काटा आणून छर्रे एकेक करून तोलणारे ग्राहक आहेत. रायफलचा मॅच छर्रा ०.५३ ग्रॅमच्या आसपास आणि पिस्तुलाचा ०.४५ ग्रॅमच्या आसपास असतो. दोन छऱ्यांत ०.०१ ग्रॅमचा, म्हणजे साधारण दोन टक्क्यांचा फरक धरला तर वेगात जेमतेम एक टक्का फरक पडतो. १७० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटलेला छर्रा १० मीटरवर सुमारे १७ मि.मी. खाली येतो, त्या फरकाने हे अंतर फक्त ०.३ मि.मी.ने बदलते. इतक्यासाठी तोलत बसू नका. २५ मीटरवर मात्र हाच फरक २ मि.मी.च्या पुढे जातो, तिथे तोलणे कामाचे आहे. त्यासाठी काटा १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा.

कागदावरची चाचणी

१. टेकू घ्या. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक घट्ट टेकूवर चालते. स्प्रिंगची बंदूक शिकंजात आवळू नका. तिला धक्का खाऊन मागे सरकायची मोकळीक हवी, म्हणून मऊ घडी केलेल्या गोधडीवर हलकी धरा आणि हात दर वेळी त्याच जागी ठेवा.

२. कूलर आणि पंखा बंद ठेवा. कागदामागे पुठ्ठा लावा, नाहीतर भोकाची कड फाटते आणि माप चुकते.

३. छर्रा बदलल्यावर पहिले दहा शॉट मोजू नका. नळीत आधीच्या छऱ्याचे शिसे असते, ती नव्याला रुळायला वेळ घेते.

४. पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप वेगवेगळ्या कागदांवर घ्या. प्रत्येकात सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजा, त्यातून ४.५ मि.मी. वजा करा आणि पाचांची सरासरी काढा.

सर्वांत सुंदर ग्रुपचा कागद जपून ठेवावासा वाटतो, पण निकाल सरासरीचाच धरा. एखादा शॉट लांब गेला आणि टार्गेट पाहण्याआधीच आपल्याला घोडा ओढताना हात हलल्याचे कळले होते, तरच तो वगळा. पाहिल्यानंतर वगळलेला शॉट म्हणजे छऱ्याचा दोष लपवणे.

शेजाऱ्याच्या बंदुकीतला उत्तम छर्रा आपल्या नळीत वाईट निघू शकतो, म्हणून दुसऱ्याच्या निकालावर दहा डब्या उचलू नका. चाचणीत पसंत पडला की डबीच्या तळावरचा लॉट क्रमांक पाहा आणि लागतील तेवढ्या डब्या त्याच लॉटच्या घ्या. स्वस्त मालात दोन लॉटमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकाएवढा असू शकतो.

खरी किंमत काढताना बाद छर्रे धरा. ५०० च्या डबीतून ६० बाद झाले तर भाव ४४० ने भागा. कधी कधी मधल्या किमतीची डबीच स्वस्त ठरते.

साठवण आणि काळजी

शिसे मऊ असते. अर्धी रिकामी डबी बॅगेत खुळखुळत नेली की चांगले छर्रेही चेपतात. झाकणाखाली फोमची चकती घाला. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा. नव्या प्लायवुडच्या बंद कपाटात डब्या ठेवू नका, त्यातून सुटणारी आम्लाची वाफ शिशावर पांढरी भुकटी आणते. ती विषारी आहे : फुंकू नका, पुसून वापरू नका, ते छर्रे बाजूला काढा. गंज टाळण्यासाठी छऱ्यांना तेल लावण्याची सवयही सोडा. स्प्रिंगच्या बंदुकीत ते तेल पेटते, मोठा आवाज होतो, छर्रा भलत्याच वेगाने सुटतो आणि स्प्रिंग व सील खराब होतात.

ग्रुप हळूहळू मोठा होऊ लागला तर छऱ्याला दोष देण्याआधी फेल्टच्या गोळ्यांनी नळी साफ करा आणि पुन्हा दहा-वीस शॉट घेऊन मगच मोजा.

छर्रे तोंडात धरू नका. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. डबी लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. टार्गेटमागे खालच्या बाजूला ४५ अंशांत झुकवलेला पोलादी पत्रा किंवा जुन्या गोधड्यांच्या तुकड्यांनी गच्च भरलेली लाकडी पेटी हवी. उघड्या भिंतीवरून छर्रा मागे उसळतो. सराव करणाऱ्याने आणि पाहणाऱ्यानेही चष्मा लावावा. पेटीतले शिसे झाडून काढू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. एकदा बंदुकीतून सुटलेले छर्रे पुन्हा भरू नयेत. त्यांच्यावर आट्यांच्या खुणा उमटलेल्या असतात आणि ते नळीत अडकू शकतात.

निवडीसाठी येताना आपल्या पाचही टार्गेटांचे कागद, बंदुकीचे मॉडेल आणि सध्याच्या डबीचा लॉट क्रमांक सोबत आणावा.