संभाव्यतेचा बेरीज नियम

दोन घटनांपैकी निदान एक घडण्याची संभाव्यता काढण्याचा नियम. दोन्ही एकदम घडल्या तरी ते यात धरलेले असते. अ आणि ब या घटनांसाठी :

सं(अ ∪ ब) = सं(अ) + सं(ब) − सं(अ ∩ ब)

इथे सं म्हणजे संभाव्यता, ∪ म्हणजे ‘किंवा’ आणि ∩ म्हणजे ‘दोन्ही’. दोन्हींत मोडणारा भाग, म्हणजे छेद (अ ∩ ब), नुसत्या बेरजेत दोनदा मोजला जातो. म्हणून तो एकदा वजा करतात.

कोकण किनाऱ्यावरच्या १२० घरांच्या एका कल्पित वाडीत ७० घरांच्या हापूसच्या बागा आहेत, ५० घरांच्या होड्या आहेत आणि २० घरांकडे दोन्ही आहे. चिठ्ठी टाकून निवडलेल्या घराकडे बाग किंवा होडी असण्याची संभाव्यता (७० + ५० − २०)/१२०, म्हणजे ५/६. छेद वजा करायचा राहिला, तर उत्तर बरोबर १ येते आणि बाग नाही, होडीही नाही अशी २० घरे हिशेबातून गायब होतात. उत्तर १ च्या वर गेले तर चूक निदान लगेच कळते. इथे ती बेमालूम खपून जाते.

छेद रिकामा असेल तर घटना परस्पर अपवर्जी, म्हणजे एकदम कधीच न घडणाऱ्या, ठरतात आणि साधी बेरीज पुरते. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. जूनचे ३० आणि जुलैचे ३१ दिवस मिळून, ३६५ दिवसांतून काढलेली तारीख बंदीतली असण्याची संभाव्यता ६१/३६५.

सूत्र कोणालाही पाठ होते; छेद कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. समजा, जुलैत दापोलीला शनिवारी पाऊस पडण्याची संभाव्यता ०.७ आणि रविवारी ०.६ आहे. दोन्ही दिवस एकमेकांपासून स्वतंत्र मानले तर छेद ०.७ × ०.६ = ०.४२ आणि निदान एका दिवशी पाऊस पडण्याची संभाव्यता, म्हणजे उत्तर, ०.८८. पण किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा तयार झाला की पाऊस दिवसचे दिवस कोसळत राहतो. एका दिवसाचा पाऊस दुसऱ्या दिवसाची शक्यता वाढवतो. मग छेद ०.४२ हून मोठा, आणि उत्तर ०.८८ हून लहान. मात्र ते ०.७ च्या खाली जाऊ शकत नाही, कारण छेद ०.६ हून मोठा असूच शकत नाही. पाठ्यपुस्तकांतली गणिते स्वतंत्रतेचे गृहीतक फारच सढळ हाताने वापरतात.

रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या संभाव्यतेच्या स्वयंसिद्धकांत (सिद्धतेशिवाय स्वीकारलेल्या मूळ विधानांत) केवळ परस्पर अपवर्जी घटनांची बेरीज गृहीत आहे. वरचा नियम त्यातूनच सिद्ध होतो. तीन घटना असल्यास जोड्यांचे तीन छेद वजा करून तिहेरी छेद पुन्हा मिळवावा लागतो. घटना वाढल्या आणि त्या स्वतंत्र असल्या, तर एकही न घडण्याची संभाव्यता १ मधून वजा करणे सोपे पडते.