अमेरिकेचा लांब नाकाचा ट्रक आणि युरोपचा चपट्या तोंडाचा: फरक कशामुळे?

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकचं इंजिन ड्रायव्हरच्या पुढे, लांबलचक बॉनेटखाली असतं. युरोपातल्या ट्रकला बॉनेटच नाही. तिथे ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावरच बसतो आणि समोरची काच बंपरच्या रेषेत सरळ उभी असते. कारण विचारलं की बहुतेक जण रस्त्यांकडे बोट दाखवतात: तिकडे रुंद हायवे, इकडे जुन्या शहरांतल्या गल्ल्या. यात तथ्य आहे, पण एवढ्यानं भागत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या त्याच रुंद हायवेंवर चपट्या तोंडाचे ट्रक मोठ्या संख्येनं धावत होते. रस्ते तेच राहिले आणि ट्रकला नाक फुटलं, कारण लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची हा नियम बदलला.

युरोपात संपूर्ण गाडी मोजतात, बंपरपासून ट्रेलरच्या शेवटच्या टोकापर्यंत. युरोपियन युनियनच्या १९९६च्या निर्देशानुसार घोडा (म्हणजे इंजिन आणि केबिन असलेला ओढणारा पुढचा भाग) आणि त्यावर पुढचं टोक टेकवलेला सेमी-ट्रेलर मिळून लांबी १६.५० मीटरपेक्षा जास्त चालत नाही. नेहमीचा ट्रेलर १३.६ मीटरचा. म्हणजे पुढे उरले २.९० मीटर. त्यातले सव्वादोन मीटरच्या आसपास केबिनला जातात आणि बाकीचं अंतर मोकळं सोडावंच लागतं, नाहीतर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या पाठीला घासेल. बॉनेटसाठी जागाच उरत नाही. १३.६ मीटरच्या ट्रेलरमध्ये ८० × १२० सेंटिमीटरची ३३ युरो पॅलेट (माल रचायच्या ठरावीक मापाच्या लाकडी चौकटी) बसतात, तीन-तीनच्या ११ ओळी. पुढे सव्वा मीटरचं नाक काढलं तर मागची एक ओळ, म्हणजे तीन पॅलेटचं भाडं, प्रत्येक फेरीला गमवावं लागेल. हा तोटा कुठलाही ट्रान्सपोर्टवाला सोसणार नाही.

अमेरिकेतही आधी असंच होतं. बऱ्याच राज्यांत एकूण लांबीची मर्यादा ५५ ते ६५ फूट असे, आणि त्यात जास्तीत जास्त माल बसवायचा तर केबिन चपटी करणं हाच मार्ग होता. १९८२मध्ये संघराज्याचा कायदा आला. राष्ट्रीय जाळ्यातल्या मुख्य महामार्गांवर घोडा आणि एक ट्रेलर अशा गाडीच्या एकूण लांबीवर राज्यांनी मर्यादा घालायची नाही, आणि निदान ४८ फुटी ट्रेलरला परवानगी द्यायची, असं त्यानं ठरवलं. पुढे ५३ फुटी ट्रेलर सर्रास झाला. ५३ फूट म्हणजे १६.१५ मीटर: अमेरिकेतला नुसता ट्रेलर युरोपातल्या अख्ख्या गाडीएवढा. पुढचा घोडा कितीही लांब असला तरी मालाची जागा कमी होत नाही म्हटल्यावर चपट्या केबिनची गरजच संपली. फ्राइटलायनरनं आर्गोसी हा आपला चपटा ट्रक अमेरिकेत २००६नंतर विकणं थांबवलं. शहरांतल्या कचरागाड्या मात्र तिथेही आजवर चपट्याच आहेत, कारण त्यांना गल्ल्यांतच फिरायचं असतं.

कोणाला जास्त चांगला ट्रक बनवता येतो, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. फ्राइटलायनर आणि मर्सिडीजचे ट्रक दोन्ही डाइमलर ट्रकचे. केनवर्थ आणि पीटरबिल्ट हे अमेरिकी ट्रक ज्या पॅकार कंपनीचे, तिचीच युरोपातली डाफ. व्होल्वो स्वतःच्याच नावानं युरोपात एफएच हा चपटा आणि अमेरिकेत व्हीएनएल हा नाकवाला ट्रक विकते. ऑस्ट्रेलियात तर एकाच देशात दोन्ही दिसतात. एका घोड्यामागे दोन ट्रेलर जोडलेल्या बी-डबलला २६ मीटरची एकूण मर्यादा आहे, म्हणून तिथे केनवर्थचे चपटे के-मालिकेचे घोडे जास्त चालतात. आतल्या ओसाड भागात ५३.५ मीटरपर्यंतच्या रोड ट्रेन, म्हणजे एका घोड्यामागे ट्रेलरांची माळ, धावतात आणि त्यांच्या पुढे बहुधा लांब नाकाचे घोडे असतात. मेलबर्नजवळच्या बेजवॉटर कारखान्यात दोन्ही बनतात.

वजनाचा नियम याहून किचकट आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. अमेरिकेत एकूण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे ३६.३ टन. एकेरी एक्सलवर २०,००० पौंड, जवळजवळ लावलेल्या दोन एक्सलवर, म्हणजे जोडएक्सलवर, मिळून ३४,०००. पुढच्या एक्सलवर साधारण १२,००० धरतात. १२ अधिक ३४ अधिक ३४, बरोबर ८० हजार. पाच एक्सलची ही मांडणी आणि जोडचाकं यातूनच अमेरिकी ट्रकची १८ चाकं येतात. वर १९७४च्या कायद्यानं आणलेलं पुलांचं सूत्र आहे: वजन थोड्या जागेत एकवटलं तर पुलाच्या तुळयांवर ताण वाढतो, म्हणून एक्सल जितके दूर तितकं जास्त वजन चालतं. पाच एक्सलवर पूर्ण ८०,००० पौंड न्यायचे तर पहिल्या आणि शेवटच्या एक्सलमध्ये ५१ फूट अंतर हवं. लांब गाडीला कायदाच असं बक्षीस देतो.

युरोपात सर्वसाधारण मर्यादा ४० टन, आणि घोड्याच्या एकट्या मागच्या एक्सलवर ११.५ टन चालतात. त्यामुळे दोन एक्सलचा आखूड घोडा पुरतो. ट्रेलरखाली तीन एक्सल, त्यांवर प्रत्येक बाजूला एकेकच रुंद टायर, आणि तिन्ही मिळून २४ टनांपर्यंत भार. एकूण चाकं १२. हाच घोडा पूर्ण भरून अमेरिकेत नेला तर मागच्या एक्सलपाशीच अडकेल, कारण तिथे २०,००० पौंड म्हणजे जेमतेम नऊ टन.

म्हणून अमेरिकी ड्रायव्हरला एक काम सतत करावं लागतं: ट्रेलरचे मागचे एक्सल पुढे-मागे सरकवून वजन जुळवणं. ट्रेलरचे ब्रेक लावायचे, एक्सल जागेवर अडकवणारे खिळे सोडणारी दांडी ओढायची, घोडा हळू पुढे-मागे हलवायचा, मग दांडी परत सोडून चारही खिळे नव्या भोकांत पूर्ण आरपार बसलेत का ते खाली वाकून बघायचं आणि शेवटी ब्रेक लावलेल्या ट्रेलरला एक हलका हिसका देऊन खात्री करायची. एक्सल मागे सरकवले की भार घोड्याकडे जातो, पुढे घेतले की ट्रेलरच्या एक्सलवर येतो. एखादा खिळा अर्धवट बसला तर जोरदार ब्रेक लावल्यावर एक्सलचा सांगाडा ट्रेलरखालच्या रुळांवर सरकतो, आणि हा अपघात भयंकर असतो. वळणाचंही भान हवं. एक्सल मागे असले तर ट्रेलर आतला कोपरा कापतो, पुढे असले तर शेपूट बाहेर झेपावतं. कॅलिफोर्नियात किंगपिनपासून (ट्रेलर ज्या खुंटीनं घोड्याला जोडतात तिच्यापासून) शेवटच्या एक्सलपर्यंत ४० फुटांची मर्यादा आहे, त्यामुळे इतर राज्यांत चालणारी मांडणी तिथे शिरताना बदलावी लागते.

युरोपात वळणाचा हिशेब कायद्यातच आहे: १२.५ मीटर बाहेरची आणि ५.३ मीटर आतली त्रिज्या असलेल्या गोल कड्यात पूर्ण गाडी वळली पाहिजे. घोड्याच्या एक्सलमधलं अंतर साधारण ३.६ ते ३.८ मीटर ठेवल्यानं ते जमतं.

ड्रायव्हरच्या अंगाला फरक कळतो तो खड्ड्यात. चपट्या केबिनमध्ये पुढचं चाक थेट खाली असतं, धक्का सरळ वर येतो. म्हणून युरोपात केबिन चार कोपऱ्यांवर हवेच्या स्प्रिंगांवर टेकवतात आणि सीटही हवेवर. नाकवाल्या ट्रकमध्ये ड्रायव्हर पुढच्या एक्सलच्या मागे बसतो, लांब गाडी कमी डुलते. रोज दहा तास बसणाऱ्या माणसासाठी ही सोय मोठी आहे.

दुरुस्तीत नाकवाला सरस. बॉनेटच्या दोन्ही बाजूंचे रबरी पट्टे सोडून ते पुढे ओढलं की इंजिन उघडं. चपट्या ट्रकमध्ये तेल-पाणी पुढच्या जाळीमागे तपासता येतं, पण मोठ्या कामाला पूर्ण केबिन कलवावी लागते. सपाट जागा, हँडब्रेक, गियर न्यूट्रल, चाकांना अडण, आतलं सगळं सामान आवरून दारं बंद, आणि मगच हायड्रॉलिक पंप. केबिन अर्ध्यावर ठेवून खाली जायचं नाही. शेवटपर्यंत गेली पाहिजे. परत बसवल्यावर लॉकचा इशारा-दिवा विझल्याशिवाय गाडी हलवायची नाही, कारण लॉक न बसलेली केबिन पहिल्याच कडक ब्रेकला पुढे झुकते.

शहरात मात्र आमचं मत ठाम आहे: चपटं तोंडच हवं. लांब बॉनेटपुढे उभं मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. चपट्या ट्रकलाही काचेखाली आंधळा पट्टा असतोच, पण तो आखूड आणि त्यासाठी वेगळा आरसा लागतो. लंडननं तर १२ टनांवरच्या ट्रकना ड्रायव्हरला थेट किती दिसतं यावर परवाना द्यायला सुरुवात केली. त्याची अंमलबजावणी २०२१पासून आहे.

वेगाचा मुद्दाही आकाराशी जोडलेला आहे. युरोपात जड ट्रकना वेग ताशी ९० किलोमीटरवर अडवणारं यंत्र (स्पीड लिमिटर) सक्तीचं आहे. अमेरिकेत संघराज्याची अशी सक्ती नाही, आणि बऱ्याच राज्यांत ट्रक ताशी १०५ किलोमीटर किंवा त्याहून वेगानं जातात. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ९०वरून १०५ला गेलं की ३६ टक्के जास्त. उतरतं नाक तिथे डिझेल वाचवतं. युरोपनंही हे मान्य केलं आहे: सप्टेंबर २०२०पासून हवा कापणाऱ्या आणि सुरक्षित केबिनला लांबीत सवलत मिळते. डाफनं २०२१मध्ये तिचा फायदा घेतला आणि केबिन पुढे १६ सेंटिमीटर वाढवली. नाक म्हणावं असं ते नाही, पण गोलाई आली.

न्हावाशेवाहून माल पाठवणाऱ्यांनी वजनाचा भाग नीट लक्षात ठेवावा. ४० फुटी कंटेनर स्वतःचं वजन धरून साधारण ३०.४८ टनांपर्यंत पेलतो. युरोपात कंटेनर वाहतुकीला घोड्याच्या एक्सलनुसार ४२ किंवा ४४ टनांची सवलत असल्यानं आत २५ टनांच्या आसपास माल चालून जातो. अमेरिकेत नेहमीच्या घोड्यावर आणि चासीवर (कंटेनर ठेवायच्या चाकांच्या सांगाड्यावर) ही मर्यादा साधारण ४४,००० पौंडांवर, म्हणजे २० टनांवर येते. त्याहून जास्त भरायचं असेल तर कंटेनर बंद करण्याआधीच फॉरवर्डरकडून (माल पाठवण्याची व्यवस्था बघणाऱ्या एजंटकडून) तीन एक्सलची चासी आणि त्या राज्याचा जादा वजनाचा परवाना मिळतो का ते विचारून घ्यावं. नाहीतर जहाज वेळेवर पोचूनही माल बंदराजवळ उतरवून दोन गाड्यांत वाटावा लागतो.