पिझ्झाची भट्टी आणि चार दोऱ्यांची चादर: इटलीतले इजिप्शियन आणि सेनेगाली

२४ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे मिलानमध्ये पोलिसांच्या गाडीपुढे पळणारी एक स्कूटर व्हिया रिपामोंती आणि व्हिया क्वारांता या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर कोसळली. मागे बसलेला एकोणीस वर्षांचा मुलगा त्यात गेला. घर इजिप्शियन, राहायला जवळच्या कोर्वेत्तो वस्तीत. पुढचे काही दिवस कोर्वेत्तोतली पोरं रस्त्यावर होती, कचऱ्याचे डबे जळत होते आणि इटालियन वाहिन्यांवर ‘आपल्याकडेही पॅरिससारखी उपनगरं झाली की काय’ यावर वाद चालला होता. त्या वादात ‘आफ्रिकेतून आलेले’ हे शब्द इतक्या सहजपणे फेकले जात होते, की जणू इजिप्तचं कैरो आणि सेनेगलचं डाकार ही एकाच तालुक्यातली गावं असावीत.

इटलीतल्या इजिप्शियन नागरिकांची संख्या सुमारे दीड लाख, सेनेगाली एक लाखाहून थोडे जास्त. दोघेही आफ्रिकेतले, बहुतांशी मुसलमान. दोन्हीकडे आधी पुरुष आले आणि दोन्ही लोंढे ऐंशीच्या दशकात वाढले. एवढं साम्य असूनही चाळीस वर्षांनंतर दोघांचं जगणं अगदी वेगळं दिसतं. त्याचं कारण लोक संस्कृतीत शोधतात, धर्मात शोधतात, कष्टाळूपणातसुद्धा शोधतात. मला ते एका साध्या प्रश्नात दिसतं: कमावणारा इटलीत असताना त्याची बायको-मुलं कुठे राहिली? इजिप्शियनाने ती मिलानला आणली, सेनेगाल्याने गावी ठेवली. घरभाडं, शिल्लक, गावी जाणारा पैसा, मुलांची शाळा, पोलिसांशी गाठ, हे सगळं बऱ्याच अंशी त्यामागून आलं.

इजिप्त आणि इटलीमधली वर्दळ जुनी आहे, आणि एकेकाळी ती उलट्या दिशेची होती. पोटापाण्यासाठी इटालियनच अलेक्झांड्रियाला जात. मारिनेत्ती आणि उंगारेत्ती हे दोन मोठे इटालियन कवी जन्मले अलेक्झांड्रियात. कैरोच्या गल्ल्यांतून भंगारवाला आजही ‘रोबाबेकिया’ अशी आरोळी देत फिरतो, ती इटालियन ‘रोबा व्हेक्किया’, म्हणजे जुनं सामान. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर ही इटालियन वस्ती पांगली. मग १९६७ मध्ये इस्रायलकडून पराभव झाला, १९७१ च्या राज्यघटनेने परदेशी जाण्याचा हक्क दिला, १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अर्थव्यवस्थेची दारं उघडली. इजिप्शियन माणूस बाहेर पडला. बहुतेकांनी आखाताची, लिबियाची, इराकची वाट धरली. मिलानला आले ते थोडे, आणि सुरुवातीचे बरेचसे शहरी, शिकलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोप बघायला यायचं, हॉटेलात भांडी घासून खर्च काढायचा आणि परत जायचं. त्यातले काही परत गेले नाहीत.

मागून खेड्यातले आले. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव पडले, १९९० मध्ये कुवेतवर स्वारी झाली आणि आखातातून व इराकमधून माणसं घरी परतली. नाईलच्या खोऱ्यातल्या घार्बिया, मोनुफिया या जिल्ह्यांतून आणि फयूममधून मिलानची वाट मळली. फयूममधलं ताटून हे गाव तर मिलानच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरांसाठीच ओळखलं जातं. एकाने जायचं, मग भावाला बोलवायचं, मग मेव्हण्याला. साखळी नात्याची होती. ती गावाबाहेर जात नसे, आणि त्यात सगळ्या इजिप्शियनांना एकत्र बांधणारं काही नव्हतं. मिलानमध्ये कॉप्टिक ख्रिस्तीही बरेच आहेत. त्यांचं चर्च वेगळं, ओळखीपाळखी वेगळ्या.

या साखळीने माणसाला नेऊन पोचवलं पिझ्झाच्या दुकानात. नवा आलेला पोऱ्या मागच्या मोरीवर भांड्यांना. वर्षा-दोन वर्षांत पिठाचे गोळे करायला. मग टोमॅटो-चीज पसरायला, आणि शेवटी भट्टीसमोर, लांब दांड्याचं फावडं हातात घेऊन. भट्टीवरचा माणूस हा दुकानातला खरा मालकच असतो. तो रजेवर गेला तर शटर खाली. म्हातारा इटालियन मालक निवृत्त होताना दुकान विकत घ्यायला तोच पुढे येई, भावाबरोबर भागीत. पैसे भिशीतून, इजिप्शियन तिला ‘गमेया’ म्हणतात, पद्धत आपल्यासारखीच. मिलानमध्ये परदेशात जन्मलेल्या एकल व्यावसायिकांत इजिप्शियन अगदी वरच्या रांगेत असतात ते यामुळे. अर्थात हा आकडा थोडा फसवा आहे. बांधकामातले कित्येक ‘व्यावसायिक’ हे ठेकेदाराने विमा आणि रजा वाचवण्यासाठी स्वतंत्र नोंदणी करायला लावलेले गवंडी आणि रंगारी आहेत. कागदावर धंदा, प्रत्यक्षात रोजंदारी.

सेनेगलची गोष्ट शेंगदाण्यापासून सुरू होते. फ्रेंचांनी देशाचा मधला पट्टा भुईमुगाखाली आणला. त्याच पट्ट्यात अमादू बांबा (१८५३–१९२७) या सुफी गुरूने मुरीद पंथ उभा केला. ‘मुरीद’ आपल्याला परका शब्द नाही, शिष्य असाच अर्थ. फ्रेंचांना बांबांची भीती वाटली. १८९५ मध्ये त्यांना गॅबॉनला हद्दपार केलं, १९०२ मध्ये परत येऊ दिलं; त्या हद्दपारीच्या स्मरणार्थ तूबा या त्यांच्या गावी दरवर्षी ‘मगाल’ भरतो, लाखो लोक जमतात. पंथाची शिकवण थोडक्यात अशी, की गुरूसाठी केलेलं काम हीच उपासना. शिष्य गुरूच्या शेतात भुईमूग पिकवीत. पुढे फ्रेंचांनाही त्यात सोय दिसली.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून साहेलात, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, दुष्काळ पडत गेले, भुईमुगाचा धंदा खचला. मुरीद शेतकरी डाकारच्या सांदागा बाजारात फेरीवाला झाला, तिथून फ्रान्समधल्या मार्सेला गेला. १९८६ च्या सुमारास फ्रान्सने व्हिसा सक्तीचा केला, तेव्हा इटलीचं दार अजून उघडं होतं. १९९० पर्यंत सेनेगाल्याला इटलीत यायला व्हिसा लागत नसे. म्हणजे इटली ही निवड नव्हतीच. समोरचा दरवाजा बंद झाला, शेजारचा ढकलून बघितला. पुढे जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचं, म्हणजे सेनेगलच्या चलनाचं, मोल एका रात्रीत निम्मं झालं. गावातली मिळकत अर्धी झाली आणि बाहेरून येणाऱ्या पैशाची किंमत दुप्पट. लूगा, दियुर्बेल भागातल्या कोणत्या तरुणाला यानंतर समजावून सांगायची गरज होती?

समुद्रकिनाऱ्यावर, फ्लोरेन्सच्या पुलांवर इटालियनांना सेनेगाली माणूस दिसला तो चादरीमागे. जमिनीवर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने पर्स, पट्टे, गॉगल. चादरीच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या, त्यांची टोकं विक्रेत्याच्या हाताशी. पोलिसाची टोपी दिसली की एक हिसका, चादरीचं गाठोडं, गाठोडं खांद्यावर आणि माणूस गल्लीत पसार. नकली माल येई नेपल्सच्या आसपासच्या कारखान्यांतून, म्हणजे इटालियन हातांनीच बनलेला. पण चोरटा ठरे तो विकणारा. त्याच्या मोडक्या इटालियनची टर उडवून ‘वू कुम्प्रा’, म्हणजे ‘विकत घेणार का’, असं नाव त्याला चिकटलं. ते कितीतरी वर्षं वर्तमानपत्रांतही बिनदिक्कत छापलं जाई.

पण या चादरवाल्यामागे जी संघटना होती ती इजिप्शियनाकडे नव्हती. मुरीदांची ‘दाहिरा’ म्हणजे शहरागणिक मंडळ. आठवड्याला एकत्र जमायचं, बांबांचे अरबी कसीदे, म्हणजे स्तुतिकाव्यं, म्हणायचे, वर्गणी द्यायची. नवा माणूस स्टेशनवर उतरला की झोपायला जागा, पहिला माल उधारीवर, आणि त्याच्या वागण्यावर वडीलधाऱ्यांची नजर. कुणी मेला तर शव विमानाने गावी पाठवण्याचा खर्च दाहिरा करी. बांबांचे धाकटे चिरंजीव सेरिन्य मुर्तदा म्बाके २००४ मध्ये जाईपर्यंत नेमाने युरोप-अमेरिकेत मुरीदांच्या भेटीला येत. आपल्या वारकरी फडांची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था, फक्त हिची दिंडी समुद्रापार गेलेली. सगळे सेनेगाली मुरीद नाहीत, तिजानी या दुसऱ्या सुफी पंथाचेही बरेच आहेत. पण इटलीत मुरीदांनी घालून दिलेला नमुना इतरांनी उचलला.

बायको या व्यवस्थेत गावीच राहणार हे गृहीत होतं. तिने सासू-सासऱ्यांपाशी राहायचं, मुलांनी आजीच्या अंगणात वाढायचं. इटलीत एका घरात सहा-आठ पुरुष, एका पातेल्यात मासे-भात, भाडं वाटून. १९९० च्या कायद्याने कागद मिळाल्यावर यांतले अनेकजण चादर गुंडाळून कारखान्यांत गेले: ब्रेशियाच्या धातूच्या ओतशाळांत, बेर्गामोच्या गिरण्यांत, पिसाजवळच्या सांता क्रोचे गावातल्या चामड्याच्या कारखान्यांत. उत्तर इटलीला तेव्हा माणसं हवीच होती. पगार कामगाराचा, खर्च मात्र खाटेपुरता. उरलेला पैसा सेनेगलला. वर्षा-दोन वर्षांनी लांब रजा टाकून घरी जायचं. तूबात पंथाच्या खलिफांनी घरांसाठी जमिनी वाटल्या, तिथे सिमेंटच्या विटांची घरं थोडीथोडी चढत गेली. आज डाकारच्या पट्ट्याखालोखाल मोठं शहर तूबा आहे. अशा माणसाला सेनेगलमध्ये ‘मोदू-मोदू’ म्हणतात. पूर्वी थोडी चेष्टा असे, नंतर सोयरीक जुळवताना तेच नाव वजनदार झालं. आजही इटलीतल्या सेनेगाल्यांत चारांतले तीन पुरुष आहेत.

मिलानमधल्या इजिप्शियनांचं गणित उलटं बसलं. दर तीनांतले जवळपास दोन एकट्या लोम्बार्दी प्रांतात. दुकान झालं, कागद झाले, मग १९९८ च्या कायद्याने कुटुंब आणायची वाट रुंद केली आणि बायका आल्या. त्या घरातच राहिल्या. इटलीतल्या मोठ्या परदेशी समूहांत नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण पाहिलं तर इजिप्शियन बायका पाकिस्तानी आणि बांगलादेशी बायकांसोबत अगदी तळाशी सापडतात. एकाचा पगार, पाच तोंडं आणि मिलानचं भाडं. म्हणजे एकट्याची मिळकत बघितली तर पिझ्झावाला चादरवाल्याच्या कितीतरी पुढे. दरडोई काढायला बसलात तर अंतर झरझर आटतं. कोर्वेत्तोसारख्या सरकारी चाळींत इजिप्शियन घरं दिसतात ती यामुळे.

मुलांचं काय करायचं हा पेच म्हणूनच इजिप्शियनांपुढे आधी आला. नव्वदच्या दशकात बापांना वाटत होतं, पाच-सात वर्षांत गाशा गुंडाळू. मग मुलांनी इजिप्तचाच अभ्यासक्रम शिकायला हवा, परतल्यावर वर्ग बुडायला नको. त्यासाठी मिलानमध्ये अरबी शाळा निघाली. शेकडो मुलं जात. परवाने नाहीत आणि इमारत धोक्याची म्हणून महापालिकेने सप्टेंबर २००५ मध्ये ती बंद केली. त्याच्या दोनच वर्षं आधी, फेब्रुवारी २००३ मध्ये, अबू ओमर या इजिप्शियन इमामाला अमेरिकन हेरांनी मिलानच्या रस्त्यावरून उचलून इजिप्तला नेलं होतं. तेव्हा शाळेच्या वादात शिक्षणापेक्षा संशयाचीच चर्चा जास्त झाली. ही शाळा व्हिया क्वारांतावर होती. एकोणीस वर्षांनी स्कूटर कोसळली ती त्याच रस्त्याच्या तोंडाशी.

कातडीचा रंग या हिशेबात कुठे बसवायचा? सेनेगाल्याच्या बाबतीत तो टाळताच येत नाही. डिसेंबर २०११ मध्ये फ्लोरेन्सच्या दाल्माझिया चौकात एका अतिउजव्या माणसाने गोळ्या घालून दोन सेनेगाली फेरीवाले मारले. मार्च २०१८ मध्ये त्याच शहरातल्या पुलावर आणखी एक सेनेगाली फेरीवाला गोळीला बळी पडला. इजिप्शियनाला गर्दीत मिसळून जाता येतं. भट्टीमागे उभा असताना तो सिसिलीचाही वाटू शकतो. ही सवलत छोटी नाही, आणि ती त्याच्या मुलांना पोलिसांच्या तपासणीत मिळत नाही, असं कोर्वेत्तोतली पोरं सांगतात.

२००८ च्या मंदीत दोन्ही पद्धतींची परीक्षा झाली. ब्रेशियाचे कारखाने थंडावले, तेव्हा एकटा सेनेगाली हलका होता. कुणी परत चादरीकडे वळला, कुणी इटालियन कागदांवर फ्रान्स-स्पेन गाठलं. इजिप्शियन बापाला तीन मुलांच्या शाळा सोडून उठता येईना.

त्यानंतर दोन्ही देशांतून निघणाऱ्यांचं वय घसरलं. इजिप्तमध्ये नोव्हेंबर २०१६ मध्ये पौंड खुला सोडला, तो निम्म्यावर आला. मार्च २०२४ मध्ये पुन्हा आपटला. इटालियन कायदा एकट्या अल्पवयीन मुलाला परत पाठवत नाही, २०१७ च्या कायद्याने ते संरक्षण पक्कं केलं. नाईलच्या खोऱ्यातल्या खेड्यांत हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाप दलालाच्या कागदावर सही करतो आणि सोळा वर्षांचा पोरगा लिबियामार्गे निघतो. इटलीत पोचल्यावर शाळेऐवजी भाजीमंडईत किंवा गाड्या धुवायला लागतो, कारण सहीचं कर्ज त्याच्या नावावर फिरत असतं. सेनेगलमधून लाकडी होड्या स्पेनच्या कॅनरी बेटांकडे सुटतात. २००६ मध्ये सगळ्या देशांचे मिळून तीस हजारांवर लोक तिथे उतरले होते, २०२३ मध्ये तो आकडाही मागे पडला. या पोरांना दाहिरा माहीत आहे, पण जुन्या मोदू-मोदूसारखा तिचा धाक त्यांना वाटत नाही.

दरम्यान सेनेगाली घरंही इटलीत येऊ लागली आहेत. १९९२ च्या कायद्यानुसार नागरिकत्वासाठी दहा वर्षं वास्तव्य लागतं, इटलीत जन्मलेल्या मुलालाही अठरा पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. दहाची पाच वर्षं करण्याचं सार्वमत जून २०२५ मध्ये पुरेसे लोक मतदानाला न आल्याने बाद झालं. तूरिनजवळच्या किव्हासो गावात सरकारी घरकुलात वाढलेला खाबी लामे वर्षाचा असताना सेनेगलहून आला. २०२० मध्ये कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्याने मोबाईलवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि तो जगभर गाजला. इटालियन नागरिकत्व त्याला मिळालं २०२२ मध्ये.

ब्रेशिया-बेर्गामोकडच्या सेनेगाली आईबापांपुढे आता तोच पेच आहे, जो इजिप्शियनांपुढे वीस वर्षांपूर्वी होता. त्यांनी शाळा काढलेली नाही. मुलगा हाताबाहेर चाललाय असं वाटलं की काहीजण त्याला दोन-तीन वर्षांसाठी आजीकडे, लूगाला किंवा तूबाला, पाठवून देतात. तिथे अंगण अजून आहे.