भूतानला निघण्याआधी: आधार कार्ड नको, मतदान कार्ड शोधा

नमस्कार. भूतानचं बुकिंग झालं की आमच्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. ‘व्हिसा लागत नाही ना, मग कागद कसले मागता?’ आणि ‘माणशी रात्रीचे बाराशे रुपये कसले?’ फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा इथे नीट लिहून देतो.

आधी कागद, कारण सगळं अडतं ते इथेच. भारतीयांना व्हिसा लागत नाही हे खरं, पण प्रवेश परवाना लागतो. तो पासपोर्टवर मिळतो (किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी) किंवा मतदान कार्डावर. आधार, पॅन, लायसन्स यांवर मिळत नाही. आधार दाखवून तुम्ही मुंबईहून बागडोगऱ्याला (उत्तर बंगालातला आपला विमानतळ) आरामात पोहोचाल. गाडी अडते ती त्यापुढे. हे आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो, तरी दर ग्रुपमध्ये एखादं कुटुंब व्हॉट्सॲपवर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डंच पाठवतं. मग त्यांचे कागद येईपर्यंत बाकीच्यांचंही काम खोळंबतं.

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्या. पहिलं, नाव. मतदान कार्ड माहेरच्या नावाचं आणि विमानाचं तिकीट सासरच्या नावाचं, असं फार वेळा होतं. तिकीट काढण्याआधी कार्ड समोर ठेवा आणि त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच आम्हाला कळवा. दुसरं, मुलं. 18 वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट नसेल तर मूळ जन्मदाखला लागतो. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकुराचा नवा काढून घ्या. नातवंडं आजी-आजोबांबरोबर येणार असतील तर आधीच सांगा. त्यांची कागदपत्रं वेगळी करावी लागतात. आणि नुकताच अठरा पूर्ण झालेला कॉलेजातला मुलगा सर्वात जास्त अडकतो: जन्मदाखला आता चालत नाही आणि मतदान कार्ड अजून काढलेलं नसतं. त्याच्या पासपोर्टचा अर्ज आजच भरा.

आता बाराशे रुपये. हे शाश्वत विकास शुल्क आहे आणि ते भूतान सरकारला जातं, आम्हाला नाही. सप्टेंबर 2022 पासून भारतीयांना माणशी, प्रत्येक रात्रीसाठी ते भरावं लागतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. म्हणजे नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी भूतानात सहा रात्री राहिली तर 18,000 रुपये. इतर परदेशी पाहुण्यांना सध्या रात्रीला 100 डॉलर पडतात, त्या मानाने आपल्याला बरीच सवलत आहे. आम्ही ही रक्कम बिलात वेगळी दाखवतो. दुसरीकडचं पॅकेज स्वस्त वाटलं तर त्यात हे शुल्क धरलंय का, एवढंच विचारून पाहा.

हा देश पैसे कशावर कमावतो ते पाहिलं तर शुल्काचं कारण कळतं. समुद्र नाही, आठ लाखांच्या आत लोकवस्ती, मोठे कारखाने मोजकेच. मुख्य कमाई नद्यांच्या पाण्यावरच्या विजेची, आणि ती वीज भारतच घेतो. चुखा, ताला, मांगदेछू हे प्रकल्प भारताच्या मदतीनेच उभे राहिले. हिवाळ्यात नद्या आटल्या की उलट भूतानच आपल्याकडून वीज घेतो. त्यामुळे पर्यटकांकडून येणारा पैसा त्यांना हवा आहे, पण गर्दी नको. त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय की देशाची किमान 60 टक्के जमीन कायम जंगलाखाली राहिली पाहिजे.

‘एवढासा देश, चार दिवसांत उरकू’ असंही बरेच जण म्हणतात. क्षेत्रफळ 38,394 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा आठवा हिस्सा. पण नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, त्यामुळे पूर्वेला जायचं तर दरीमागून दरी आणि मध्ये खिंडी. सीमेवरच्या फुन्शोलिंगहून राजधानी थिंफू दीडशे किलोमीटरच्या आसपास, तरी पाच-सहा तास धरा; तेवढ्यात जवळजवळ दोन हजार मीटर चढता. थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंड 3,100 मीटरच्या घरात. देशात रेल्वे नाही. पारोला, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, विमान उतरतं ते दिवसाउजेडी, वैमानिकाला दरी स्पष्ट दिसत असेल तरच. ढग आले की वेळापत्रक कोलमडतं. म्हणून परतीच्या दिवशी आम्ही मुंबईचं विमान लागून घेत नाही, मधे एक रात्र ठेवतो. तो खर्च वाचवायचा आग्रह धरू नका. विमान चुकलं तर नवी तिकिटं त्याहून कितीतरी महाग पडतात.

झोंग, म्हणजे तिथले किल्ल्यासारखे मठ, बघताना एक लक्षात ठेवा. ते म्हणजे नुसत्या जुन्या गढ्या नाहीत. आत अर्ध्या भागात जिल्ह्याची कचेरी चालते आणि अर्ध्यात भिक्खू राहतात. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, डोक्यावर टोपी नको. राजावरून थट्टामस्करीही नको. चौथ्या राजांनी 2006 मध्ये स्वतःहून गादी सोडली, 2008 मध्ये राज्यघटना आणि निवडून आलेली संसद आली, आणि राजाने वयाच्या 65व्या वर्षी निवृत्त व्हावं हेही घटनेत आहे. लोकांना राजघराण्याविषयी मनापासून आदर आहे.

पैशांचं सोपं आहे. भूतानचं चलन ङुल्त्रुम; एक ङुल्त्रुम म्हणजे एक रुपया, आणि आपल्या नोटा बहुतेक दुकानांत चालतात. सुटे म्हणून मिळालेले ङुल्त्रुम मात्र तिथेच संपवा, इकडे कोणी घेणार नाही. जेवणाची काळजी नको, शाकाहारी सगळीकडे मिळतं. एमा दात्शी ही मिरची-चीजची भाजी घेताना तिखट कमी करायला सांगा.

कागदांचे फोटो पाठवताना कार्डाच्या दोन्ही बाजू, चारही कोपरे दिसतील असे, फ्लॅश बंद करून काढा. लॅमिनेशनवर उजेड चमकला की नेमका नंबरच दिसत नाही. प्रवासात मूळ कार्ड हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.