वादळाने कललेले झाड घराशेजारून काढताना

पावसाळ्यातील वादळाने कललेले झाड इंदूरसारख्या शहरात घरावर पडेल अशी लक्षणे असतील, तर ते तत्काळच काढले पाहिजे. पण थांबण्याइतकी सवड असेल, तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला अधिक चांगले. माळव्याची काळी माती पाण्याने फुगून मऊ होते आणि मुळांवरची तिची पकड ढिली पडते. हिवाळ्यात ती आवळते, क्रेनचे चाक रुतत नाही आणि वाराही बेताचा असतो.

वाळताना या मातीला भेगा पडतातच, त्यामुळे प्रत्येक भेग पाहून घाबरण्याचे कारण नाही. जाळीसारख्या सर्वत्र पसरलेल्या भेगा मातीच्या आकुंचनाच्या असतात. परंतु झाड ज्या बाजूला कलले आहे तिच्या विरुद्ध बाजूस, बुंध्याभोवती कमानीसारखी भेग दिसत असेल आणि तिथली जमीन उचलली गेली असेल, तर मुळेच उपटू लागली आहेत असे समजावे.

खरा धोका करवत लागल्यावर उभा राहतो. वाकलेल्या खोडाची वरची, फुगीर बाजू ताणलेली असते आणि खालची दाबलेली. म्हणजे वाकताना साठलेली ऊर्जा धनुष्याप्रमाणे लाकडात दडलेली असते. ताणलेली बाजू एकदम कापली, तर खोड उभे चिरत जाऊन कापणाऱ्याच्या अंगावर उसळू शकते, आणि दाबलेली बाजू खोल कापली, तर करवत अडकते. म्हणून अनुभवी कामगार आधी दाबाच्या बाजूला उथळ खाच घेतात आणि मग ताणाच्या बाजूने सावकाश कापत जातात. झाड भिंतीला टेकले असेल, तर भिंतीचा आधार सुटताच हे ताण बदलतात, हे विसरून चालत नाही.

वजनाचाही अंदाज हवा. 30 सेंटीमीटर व्यासाची आणि 5 मीटर लांबीची ओली फांदी सुमारे 350 किलो भरू शकते. 10 मीटरवरून सुटली तर जमिनीवर पोहोचेपर्यंत तिचा वेग ताशी 50 किलोमीटरपर्यंत जातो. घराशेजारी म्हणूनच फांद्या लहान तुकड्यांत, दोराने उतरवतात.

खोड पोकळ आहे एवढ्याच कारणाने मात्र झाड पाडू नये, असे मला आग्रहाने वाटते. वाकण्याला विरोध मुख्यतः बाहेरचे लाकूड करते. मधोमध अर्ध्या व्यासाची पोकळी असली, तरी गणिताप्रमाणे ताकद जेमतेम 6 टक्के घटते. अर्थात बाहेरचे कवच अखंड असेल तरच हा हिशेब लागू होतो. वादळाने त्याला उभी चीर पाडली असेल, तर नाही.