काटकोन त्रिकोणाच्या बाजू

काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची, सर्वांत लांब बाजू म्हणजे कर्ण. काटकोन करणाऱ्या उरलेल्या दोन बाजूंना शालेय भूमितीत पाया व उंची, त्रिकोणमितीत संमुख बाजू व लगतची बाजू आणि संस्कृत गणितग्रंथांत भुज (बाहू, दोः) व कोटी म्हणतात. आकृती कशीही फिरवली तरी कर्ण तोच राहतो; इतर दोन नावे मात्र सापेक्ष आहेत. बाजू 5, 12, 13 असल्यास एका लघुकोनाची संमुख बाजू 5, तर दुसऱ्याची 12. ‘आडवा तो पाया’ एवढेच शिकलेला विद्यार्थी तिरप्या आकृतीत अडतो तो इथेच. दुसऱ्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (1150) ही सापेक्षता व्याख्येतच घातली आहे : कोणताही एक बाहू इष्ट मानावा, त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या (म्हणजे लंब) दिशेचा दुसरा बाहू ती कोटी. काटकोन त्रिकोणाला तेथे जात्य त्र्यस्र म्हटले आहे.

या नावांच्या आधीची परिभाषा शुल्बसूत्रांत, म्हणजे दोरीने यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या वैदिक ग्रंथांत, आढळते. पण ती त्रिकोणाची नसून आयताची आहे. सर्वांत जुने मानले जाणारे बौधायन शुल्बसूत्र साधारणपणे इ. स. पू. 800 ते 500 या काळातले असावे. त्यात आयताच्या लांबीच्या बाजूस पार्श्वमानी, रुंदीच्या बाजूस तिर्यङ्मानी आणि कर्णावर ताणलेल्या दोरीस अक्ष्णयारज्जू अशी नावे असून, पहिल्या दोघी स्वतंत्रपणे जी क्षेत्रे (आपापल्या बाजूंवरचे चौरस) निर्माण करतात ती दोन्ही मिळून अक्ष्णयारज्जू निर्माण करते, असे सूत्र आहे. हे ज्ञान 3–4, 5–12, 8–15, 7–24 अशा ठरावीक जोड्यांच्या अनुभवातून आले की व्यापक नियम म्हणून अवगत होते, याविषयी मतभेद आहेत. वेगवेगळ्या मापांचे दोन चौरस एकत्र करून त्यांच्या बेरजेएवढा तिसरा चौरस काढण्याची रीत तेथे दिलेली असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरे एक शुल्बसूत्रकार आपस्तंब यांनी महावेदीच्या (सोमयागातील मोठ्या यज्ञवेदीच्या) आखणीची एक कृती दिली आहे. पूर्व-पश्चिम रेषेवर 36 एककांच्या अंतराने दोन खुंट्या ठोकायच्या. दोरी 54 एककांची. तिच्यावर पश्चिम टोकापासून 15 वर खूण. टोके खुंट्यांना बांधून खूण दक्षिणेकडे ताणली, की दोरीचे 15 व 39 असे दोन भाग पडतात आणि पश्चिमेच्या खुंटीशी काटकोन होतो (15² + 36² = 39²). आजही गवंडी पायाच्या आखणीत दोन दोऱ्यांवर 3 व 4 फुटांच्या खुणा करून त्यांतले अंतर 5 फूट भरले, तर कोपरा ‘गुण्यात’ (काटकोनात) असल्याचे मानतात.

‘कर्ण’ ही संज्ञा मानव शुल्बसूत्रातील एका श्लोकात येते. तेथे ‘वर्गमूल’ हा शब्दही असल्याने तो भाग उत्तरकालीन असावा. वास्तुशास्त्रात कर्ण म्हणजे कोपरा, त्यामुळे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची रेषा हा अर्थ जुळता वाटतो. आर्यभटाच्या ग्रंथात (499) भुजा, कोटी व कर्ण ही त्रयी स्थिरावलेली दिसते. कोटी म्हणजे धनुष्याचे टोक. ही संज्ञा वर्तुळाच्या चाप (धनुष्य, म्हणजे कंस) व ज्या (प्रत्यंचा, म्हणजे जीवा) या परिभाषेतून आली असण्याचा संभव आहे. कोटिज्येचे आजचे संक्षिप्त रूप कोज्या (cosine).