नायट्रो इंजिनाचे ट्यूनिंग (रेडिओ-नियंत्रित ट्रक)

रेडिओ-नियंत्रित ट्रकच्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनाला मिळणारे हवा व इंधनाचे मिश्रण कार्ब्युरेटरच्या सुयांनी त्या दिवसाच्या हवेशी जुळवून घेणे, याला नायट्रो इंजिनाचे ट्यूनिंग म्हणतात. मोटारसायकलीचे मिश्रण एकदा बसवले की महिनोन्महिने चालते. नायट्रो इंजिनाला ती सवलत नाही, आणि नाशिकसारख्या पहाट व दुपार यांत मोठी तफावत असलेल्या शहरात तर मुळीच नाही.

याचे कारण इंधनात आहे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन व वंगणतेल असे ते तिहेरी मिश्रण असते. नायट्रोमिथेनचे प्रमाण साधारणतः 10 ते 30 टक्के. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, मिथेनॉलला साधारण साडेसहा किलो, तर स्वतःच ऑक्सिजन बाळगणाऱ्या नायट्रोमिथेनला अवघी 1.7 किलो. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळते आणि अडीच-तीन घन सेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास पोहोचते. ठिणगी देणारा स्पार्क प्लग इथे नसतो. 1947 च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डन यांनी बाजारात आणलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे असते. सुरू करताना ते दीड व्होल्टच्या सेलने तापवतात. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची अभिक्रिया ते लाल ठेवतात.

या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही, पाण्याचे रेडिएटर नाही. वंगण इंधनातूनच येते, आणि बाष्प होताना मिथेनॉल उष्णता शोषून आतला भाग थंड ठेवते. मिश्रण लीन झाले, म्हणजे इंधन कमी पडले, की वंगण आणि थंडावा दोन्ही एकदम घटतात. रिच, म्हणजे इंधन जास्त झालेल्या, मिश्रणाने गाडी सुस्त होते, धूर फार येतो, प्लग ओला होऊन इंजिन बंद पडते. पण पिस्टन वाचतो. म्हणून रिचकडून लीनकडे जायचे, उलट कधीही नाही.

बहुतेक ट्रकच्या कार्ब्युरेटरवर हाय-स्पीड सुई (पूर्ण रेसवरच्या इंधनासाठी), लो-स्पीड सुई (कमी वेगावरच्या इंधनासाठी) आणि आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू असतो. सुई घड्याळाच्या दिशेने फिरवली की इंधन कमी, उलट फिरवली की जास्त. इंजिन पूर्ण गरम झाल्याशिवाय सुईला हात लावू नये. प्रथम हाय-स्पीड सुई, मग लो-स्पीड आणि शेवटी आयडलिंग हा क्रम पाळावा. एका वेळी घड्याळाच्या एका तासाइतकेच वळण द्यावे, दोन-तीन लांब धावा घ्याव्यात आणि मगच निर्णय करावा. पूर्ण रेसवर मागे धुराची बारीक पण अखंड रेघ दिसली पाहिजे. धूर नाहीसा झाला किंवा रेस देताच आवाज चढून मध्येच गळाला, तर मिश्रण लीन आहे. लो-स्पीड सुईसाठी कार्ब्युरेटरजवळची इंधननळी चिमटीत दाबून पाहतात: वेग किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडले तर ठीक, न वाढता लगेच बंद पडले तर लीन, बराच वेळ चालत राहिले तर रिच. रेस सोडल्यावर वेग वरच रेंगाळत असेल तर लो-स्पीड सुई लीन आहे किंवा कुठून तरी हवा ओढली जाते आहे. हवेची गळती असेल तर सुईची कोणतीही जुळणी टिकत नाही, म्हणून आधी गॅस्केट, नळ्या आणि टाकीचे झाकण पाहावे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी. मुंबईत जुळवलेला ट्रक कसारा घाट चढून आला की थोडा रिच वाटतो आणि सुई जराशी आवळावी लागते. नाशिकचा ट्रक मुंबईला नेताना मात्र सुई आधीच सैल करावी, कारण तिथली दाट हवा त्याला लीन करते. ऋतूंचा फरक याहून मोठा. निफाडचे द्राक्षबागायतदार ज्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात त्या 10 अंशांखालच्या पहाटेची हवा, मे महिन्यातल्या 40 अंशांच्या दुपारपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते. थंडीत सुई सैल, उन्हाळ्यात किंचित आवळ.

प्लगजवळ इन्फ्रारेड थर्मामीटर धरून तापमान मोजतात. साधारण 100 ते 125 अंश सेल्सिअस योग्य मानतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वावरलेल्या माणसाला हे उपकरण नवे नाही आणि आकड्यावर भरवसा ठेवण्याची सवयही असते. इथे तो भरवसा घातक ठरतो. जानेवारीच्या गार वाऱ्यात लीन इंजिनाचे डोकेही 95 अंश दाखवते, आणि आकडा वर आणण्यासाठी सुई आणखी आवळली की पिस्टन घासला जातो. आधी धूर, मग आवाज, शेवटी तापमान, हाच क्रम विश्वासाचा.

थंडीत आणखी एक अडचण येते. अशा इंजिनात बहुधा ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा थर दिलेली पितळी बाही, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, असते. बाही वरच्या टोकाला निमुळती असते व तापल्यावरच योग्य फुलते. थंड इंजिन जबरीने फिरवल्यास पिस्टन झिजतो. सुरू करण्यापूर्वी हेअर ड्रायरने डोके गरम करावे. नवे इंजिन पहिल्या काही टाक्या रिच ठेवून, थांबून-थांबून चालवतात. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ फार उडते, म्हणून फिल्टरचा फोम तेल लावलेला असावा.

मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. गाडी मोकळ्यावरच चालवावी. ते ओलावाही ओढून घेते, तेव्हा पावसाळ्यात बाटलीचे झाकण घट्ट हवे. दिवसअखेर टाकी रिकामी करून इंजिनात उरलेले इंधन ते चालवून संपवावे, आफ्टर-रन तेलाचे (काम संपल्यावर गंज रोखण्यासाठी घालायच्या तेलाचे) काही थेंब आत सोडावेत आणि फ्लायव्हील फिरवून पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवावा, कारण गरम इंजिन निवताना वरच्या टोकाला बाही त्याला आवळून धरते.